कृत्रिम खुब्याचे जनक : सर जॉन चार्नली

गोंदिया जिल्ह्यातील धानाच्या बांधीत आषाढ-श्रावणात रोवणीला वाकलेली माणसे पाहिली म्हणजे माणसाच्या खुब्याचा सांधा दिवसभरात किती काम करतो, याची कल्पना येते. उकिडवे बसणे, मांडी घालणे, चिखलातून पाय उपसणे, डोक्यावर पेंढ्या घेऊन बांधावरून चालणे, या साऱ्यांचा भार मांडीच्या हाडाच्या गोल डोक्यावर आणि ते ज्या उखळीत फिरते त्या कमरेच्या हाडावर पडत असतो. हा उखळीचा सांधा एकदा झिजला की माणूस आधी लंगडतो, मग काठी धरतो आणि शेवटी खाटेला खिळतो. गेल्या साठ वर्षांत या खाटेवरून जगभरातील लक्षावधी माणसे उठून चालू लागली. याचे श्रेय अनेकांचे असले, तरी त्यातील सर्वात मोठा वाटा एका हट्टी, तापट आणि स्वतःच्या चुकीपुढे मान खाली घालण्याचे धैर्य असलेल्या इंग्रज शल्यविशारदाचा आहे. त्यांचे नाव सर जॉन चार्नली.

चार्नली यांच्या आधी कृत्रिम सांध्याचे प्रयत्न झालेच नव्हते, असे नाही. बर्लिनच्या थेमिस्टोक्लस ग्लुक यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हस्तिदंती सांधे बसवून पाहिले होते. १९२३ मध्ये बोस्टनच्या स्मिथ-पीटरसन यांनी झिजलेल्या डोक्यावर काचेची वाटी बसवली. ती शरीराच्या भाराखाली फुटली, म्हणून पुढे त्यांनी धातूची वाटी वापरली. १९३८ मध्ये लंडनच्या फिलिप वाइल्स यांनी उखळी आणि डोके दोन्ही पोलादाचे केले. पॅरिसच्या ज्यूडे बंधूंनी १९४६ मध्ये अ‍ॅक्रिलिक प्लॅस्टिकचे डोके बसवण्यास आरंभ केला. आपल्या शेजारच्या ब्रह्मदेशात, मंडाले येथे, डॉ. सान बॉ यांनी १९६० पासून मोडलेल्या खुब्यांत हस्तिदंताचे डोके बसवून शेकडो रुग्णांना चालते केले, ही हकिगत भारतात फारशी सांगितली जात नाही. मात्र उखळी आणि डोके दोन्ही बदलूनही तो सांधा वर्षानुवर्षे टिकेल, अशी खात्री त्या काळी कोणालाच देता येत नव्हती. कोणाचा सांधा सैल होई, कोणाचा झिजे, कोणाच्या जखमेत पू होई. वेदना जाव्यात म्हणून सांधाच कायमचा जखडून टाकणे हा त्या वेळचा भरवशाचा उपाय होता.

जॉन चार्नली यांचा जन्म २९ ऑगस्ट १९११ रोजी इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातील बेरी या गावी झाला. वडील औषधविक्रेते, आई प्रशिक्षित परिचारिका. लँकेशायर म्हणजे कापसाच्या गिरण्यांचा मुलूख. विदर्भाला तो परका नाही. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेथील कापूस अडकला, तेव्हा वऱ्हाडचा कापूस त्याच मुलखातील गिरण्यांकडे धावला होता आणि १८७७ मध्ये नागपुरात उभ्या राहिलेल्या एम्प्रेस मिलची यंत्रेही इंग्लंडहून आली होती. ही गिरण्यांची पार्श्वभूमी चार्नली यांच्या चरित्रात पुढे दोन वेळा, आणि दोन्ही वेळा निर्णायक रीतीने, डोकावते.

बेरीच्या ग्रामर स्कूलमधून ते १९२९ मध्ये मँचेस्टर विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेत दाखल झाले. १९३५ मध्ये वैद्यकीय पदवी आणि अवघ्या पंचविसाव्या वर्षी रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सची फेलोशिप, असा त्यांचा विद्यार्थिदशेतील प्रवास झपाट्याचा होता. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर १९४० मध्ये ते लष्कराच्या वैद्यकीय दलात गेले. डंकर्कच्या माघारीत त्यांनी काम केले; त्यानंतर त्यांची रवानगी इजिप्तमध्ये झाली. तेथे जखमी सैनिकांच्या पायांना आधार देणाऱ्या पट्ट्या आणि सळया तयार करणाऱ्या कार्यशाळेशी त्यांचा संबंध आला. शल्यविशारदाने हातात करवत आणि चिमटा धरावा हे ठीक, पण त्याने कानस आणि लेथही धरावी, ही गोष्ट तेव्हाच्या प्रतिष्ठित वैद्यकीय वर्तुळाला रुचणारी नव्हती. चार्नली यांना मात्र कारागिरांच्या संगतीत आपला खरा पिंड सापडला. पुढे त्यांनी स्वतःच्या घरीच लेथ बसवून घेतली.

युद्ध संपल्यावर ते काही महिने ओस्वेस्ट्री येथील प्रसिद्ध अस्थिरोग रुग्णालयात होते. तेथील एक प्रसंग त्यांचा स्वभाव सांगून जातो. हाडाचे कलम शरीरात कसे रुजते, हे त्यांना जाणून घ्यायचे होते. त्यासाठी दुसऱ्या कोणा रुग्णाला त्रास न देता त्यांनी एका सहकाऱ्याला गळ घालून स्वतःच्याच नडगीच्या हाडाचा तुकडा काढायला लावला. जखमेत जंतुसंसर्ग झाला, हाडाला पू झाला, पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. प्रयोगातून ज्ञान किती मिळाले हा प्रश्न वेगळा. हाडाला झालेला जंतुसंसर्ग माणसाचे काय करतो, हे मात्र त्यांना ग्रंथांबाहेर, स्वतःच्या पायात अनुभवायला मिळाले.

१९४७ मध्ये अस्थिशल्यशास्त्रातील अधिकारी पुरुष सर हॅरी प्लॅट यांच्या मँचेस्टर रॉयल इन्फर्मरीत त्यांची नेमणूक झाली. मोडलेली हाडे चिरफाड न करता कशी बसवावीत यावर त्यांनी लिहिलेला ग्रंथ १९५० मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढे अनेक दशके तो अस्थिरोगाच्या विद्यार्थ्यांच्या हाती राहिला. नाव झाले, व्यवसाय चालू लागला. येथेच ते थांबले असते, तरी एक यशस्वी आणि सुखवस्तू शल्यविशारद म्हणून त्यांची नोंद झाली असती.

परंतु १९५० च्या दशकात त्यांच्याकडे एक रुग्ण आला आणि त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली. या गृहस्थाच्या खुब्यात ज्यूडे पद्धतीचे अ‍ॅक्रिलिकचे डोके बसवलेले होते. दुखणे फारसे नव्हते. तक्रार आवाजाची होती. जेवणाच्या मेजावर काही घेण्यासाठी तो पुढे वाकला की त्याचा खुबा करकरत असे आणि हा आवाज त्याच्या पत्नीला इतका असह्य झाला होता की ती त्या खोलीत थांबेनाशी झाली होती. दुसऱ्या एखाद्या डॉक्टरने या तक्रारीकडे हसून दुर्लक्ष केले असते. चार्नली मात्र त्या आवाजाच्या मागे लागले. न तेल दिलेल्या बिजागरीसारखा सांधा करकरतो, याचा अर्थ तेथे घर्षण आहे. घर्षण आहे म्हणजे प्रत्येक पावलागणिक ते डोके हाडातून उपटले जाण्याचा जोर लागतो आहे. आणि म्हणूनच हे सांधे वर्ष-दोन वर्षांत सैल होत असावेत, असा तर्क त्यांनी मांडला.

मग त्यांनी निसर्गाच्या सांध्याचीच परीक्षा घेतली. कापून काढाव्या लागलेल्या पायातील ताज्या सांध्यावर त्यांनी घर्षणाची मोजमापे केली. बर्फावरून घसरणाऱ्या पोलादी पात्यालाही जमणार नाही इतक्या सहजतेने कूर्चेवरून कूर्चा सरकते, असे त्यांना आढळले. तोपर्यंतचा समज असा होता की सांध्यातील द्रव हे वंगणाचे काम करते आणि कृत्रिम सांध्यालाही ते वंगण मिळेल. चार्नली यांच्या प्रयोगांनी दाखवले की हे द्रव कूर्चेसाठीच आहे. धातू आणि प्लॅस्टिकला ते फारसे उपयोगी पडत नाही. म्हणजे कृत्रिम सांध्याचा पदार्थच असा हवा की जो कोरडा असतानाही निसरडा राहील. असा पदार्थ त्या काळी एकच ठाऊक होता. तो म्हणजे टेफ्लॉन. आज तव्याला अन्न चिकटू नये म्हणून ज्याचा लेप देतात तोच.

या कामासाठी त्यांनी मँचेस्टर शहराबाहेर विगनजवळच्या रायटिंग्टन या आडबाजूच्या रुग्णालयाची निवड केली. ते मूळचे क्षयरुग्णालय. हाडांचा आणि सांध्यांचा क्षय झालेले रुग्ण तेथे दीर्घकाळ पडून असत. स्ट्रेप्टोमायसीन आले, क्षय आटोक्यात येऊ लागला आणि खाटा रिकाम्या पडू लागल्या. त्या रिकाम्या खाटा चार्नली यांनी मागून घेतल्या. मोठ्या शहरातील मानाची जागा सोडून रानातल्या रुग्णालयात जाणे अनेकांना वेडेपणाचे वाटले असणार. पण तेथे त्यांना हवे ते मिळाले. एकाच सांध्याला वाहिलेले रुग्णालय मिळाले आणि शस्त्रक्रियागृहाजवळ स्वतःची कार्यशाळा मिळाली. १९५८ मध्ये हॅरी क्रेव्हन नावाचा एक कुशल तंत्रज्ञ त्यांना येऊन मिळाला.

पहिला प्रयत्न असा होता की मूळ डोके काढायचे नाही. त्यावर टेफ्लॉनची एक टोपी बसवायची आणि उखळीत दुसरी. कल्पना सुबक होती, पण टोपीखालच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून ते मरू लागले. तेव्हा चार्नली यांनी डोके कापून त्या जागी पोलादी दांड्यावरचा गोळा आणि उखळीत टेफ्लॉनची जाड वाटी, अशी रचना केली. गोळा सुरुवातीला सुमारे ४१ मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे माणसाच्या खऱ्या डोक्याच्या जवळपास होता. तो टप्प्याटप्प्याने लहान करीत त्यांनी २२.२२५ मिलिमीटरवर, अर्थात एका इंचाच्या सात-अष्टमांशावर आणला. गोळा जितका लहान तितका वाटीला पिळणारा जोर कमी, आणि वाटीची भिंत जाड ठेवायला जागाही अधिक. लहान गोळा निखळण्याचा धोका अधिक असतो हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी तो हिशेब करून पत्करला.

हा दांडा हाडात बसवायचा कसा, हा पुढचा प्रश्न. त्याचे उत्तर दातांच्या डॉक्टरांकडे मिळाले. कवळ्या करण्यासाठी वापरले जाणारे अ‍ॅक्रिलिक, मँचेस्टरच्या दंतविद्यालयातील डेनिस स्मिथ यांच्या सल्ल्याने, हाडाच्या पोकळीत भरण्यायोग्य करण्यात आले. पिठासारखी भुकटी आणि द्रव एकत्र कालवला की काही मिनिटांत त्याचा गोळा दगडासारखा घट्ट होतो. आज जगभर बोन सिमेंट म्हणतात ते हेच. ते डिंकासारखे चिकटत नाही, तर गवंड्याच्या गाऱ्यासारखे खाचाखोचा भरून भार सर्वत्र वाटून देते, ही त्यातील खरी युक्ती. ही बारीक बाब समजून घेण्यासाठी इतर शल्यविशारदांना कित्येक वर्षे लागली.

आरंभीचे यश डोळे दिपवणारे होते. वर्षानुवर्षे खाटेवर असलेली माणसे काही आठवड्यांत वेदनेवाचून चालू लागली. १९६१ मध्ये लॅन्सेट या प्रतिष्ठित वैद्यकीय साप्ताहिकात त्यांनी या नव्या शस्त्रक्रियेचा अहवाल प्रसिद्ध केला. सुमारे तीनशे रुग्णांच्या खुब्यांत टेफ्लॉनच्या वाट्या बसल्या.

आणि मग त्या झिजू लागल्या.

दोन-तीन वर्षांतच क्ष-किरणचित्रांत पोलादी गोळा वाटीत खोल रुतलेला दिसू लागला. ज्या वाटीने दहा-वीस वर्षे टिकावे अशी अपेक्षा होती, तिची भिंत मिलिमीटरमागून मिलिमीटर नाहीशी होत होती. झिजेचा जो चुरा सांध्यात साठत होता त्याभोवती शरीर गाठी धरत होते. पुन्हा उघडलेल्या खुब्यांत खव्यासारखा मऊ लगदा निघत होता आणि तो लगदा आसपासचे हाड खात होता. चालू लागलेले रुग्ण पुन्हा लंगडत दारात येऊ लागले.

वैद्यकाच्या इतिहासात अशा प्रसंगी काय होते हे सर्वांना माहीत आहे. दोष रुग्णाच्या वजनावर जातो, वयावर जातो, त्याने पथ्य पाळले नाही यावर जातो. अहवाल फाइलमध्ये राहतो. चार्नली यांनी यातले काही केले नाही. टेफ्लॉन बसवणे त्यांनी बंद केले, बसवलेल्या रुग्णांना पुन्हा बोलावले आणि एकेक खुबा पुन्हा उघडून वाट्या काढण्याचे काम अंगावर घेतले. पहिल्या शस्त्रक्रियेपेक्षा ही दुसरी शस्त्रक्रिया कितीतरी अवघड, कारण हाड आधीच पोखरलेले असते. ज्या माणसाला आपण बरे केले म्हणून तो आपल्याला दुवा देत होता, त्यालाच ती वाटी काढावी लागेल असे सांगण्याचा प्रसंग त्यांच्यावर दिवसामागून दिवस आला. त्यांच्या कर्तृत्वाची कसोटी खरे तर याच काळात लागली, यशाच्या काळात नव्हे.

त्याहून विलक्षण म्हणजे त्यांनी टेफ्लॉनचे तुकडे स्वतःच्या मांडीत कातडीखाली बसवून घेतले. ओस्वेस्ट्रीच्या अनुभवानंतरही. नऊ महिन्यांनी त्या जागी स्पष्ट हाताला लागणाऱ्या गाठी झालेल्या होत्या. मूळ तुकड्यापेक्षा त्या मोठ्या होत्या. पदार्थ अखंड असताना शरीर त्याला सहन करते, म्हणून तो सर्व रूपांत निरुपद्रवी आहे, हा आपला समज चुकीचा होता, हे त्यांनी १९६३ मध्ये त्याच लॅन्सेटमध्ये पत्र लिहून जाहीर केले. स्वतःचा पराभव ज्या व्यासपीठावरून विजय सांगितला त्याच व्यासपीठावरून सांगण्याचे उदाहरण शास्त्रातही दुर्मिळच.

या काळोख्या दिवसांतच गिरण्यांनी त्यांना पहिला हात दिला. मे १९६२ मध्ये एक विक्रेता रायटिंग्टनला आला. लँकेशायरमधील कापडमागांच्या दंतचक्रांसाठी वापरले जाणारे एक नवे जर्मन प्लॅस्टिक त्याच्यापाशी होते. उच्च रेणुभाराचे पॉलिथीन, असे त्याचे शास्त्रीय वर्णन. पांढरट, मेणासारखे दिसणारे. चार्नली यांनी त्यात अंगठ्याचे नख रुतवून पाहिले, ओरखडा उठला आणि त्यांनी ते मोडीत काढले. इतका मऊ पदार्थ काय टिकणार! क्रेव्हन यांनी मात्र तो तुकडा फेकला नाही. साहेब परदेशी गेलेले असताना त्यांनी तो झीज मोजण्याच्या यंत्रावर चढवला आणि यंत्र रात्रंदिवस चालू ठेवले. तीन आठवडे भाराखाली घासूनही त्या पदार्थाची झीज टेफ्लॉनच्या एका दिवसाच्या झिजेइतकीही झाली नव्हती. परत आल्यावर चार्नली यांनी ते आकडे पाहिले आणि आपले नख चुकले हे त्यांनी मान्य केले. कार्यशाळेतील एका तंत्रज्ञाने वरिष्ठाने नाकारलेली वस्तू गुपचूप तपासावी, आणि वरिष्ठाने त्याचे श्रेय नाकारू नये, या दोन्ही गोष्टी एकाच इमारतीत घडल्या.

या वेळी त्यांनी घाई केली नाही. नव्या पदार्थाचा तुकडाही आधी त्यांच्याच मांडीत गेला. काही महिन्यांनी तो हाताला जेमतेम लागत होता. नोव्हेंबर १९६२ पासून पॉलिथीनच्या वाट्या रुग्णांना बसू लागल्या. लहान पोलादी गोळा, पॉलिथीनची वाटी आणि सिमेंट, या त्रिकुटाने खुब्याच्या शस्त्रक्रियेला स्थैर्य आणले.

दुसरा शत्रू होता जंतुसंसर्ग. त्यांच्या आरंभीच्या शस्त्रक्रियांत शंभरातील सुमारे सात रुग्णांना तो होत असे आणि कृत्रिम सांध्यात पू झाला की बहुधा सांधाच काढावा लागे. जंतू कोठून येतात? शल्यविशारदाच्या हातमोज्यांतून, की हवेतून? चार्नली यांचा संशय हवेवर होता. येथे गिरण्यांनी दुसरा हात दिला. बोल्टनजवळच्या हॉवर्थ या कंपनीचा धंदा मूळचा कापडगिरण्यांतील हवा खेळती आणि धूळविरहित ठेवण्याचा. तिच्या साहाय्याने त्यांनी शस्त्रक्रियागृहाच्या आत काचेची एक छोटी खोली उभारली. वरून गाळलेली स्वच्छ हवा सतत खाली वाहायची आणि आतील हवा बाहेर ढकलली जायची. पुढे शस्त्रक्रिया करणाऱ्यांनी डोक्यापासून पायापर्यंत झाकणारे पोशाख घालायचे आणि त्यांचा श्वास नळीने बाहेर न्यायचा, अशीही व्यवस्था त्यांनी केली. अंतराळवीरांसारख्या दिसणाऱ्या या वेशाची थट्टा झाली. पण १९७२ मध्ये त्यांनी जे आकडे प्रसिद्ध केले त्यांत जंतुसंसर्गाचे प्रमाण सात टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आलेले होते. आज मोठ्या शहरांतील रुग्णालयांच्या जाहिरातींत लॅमिनार फ्लोचे शस्त्रक्रियागृह म्हणून जे मिरवले जाते, त्याचा उगम या काचेच्या खोलीत आहे.

टेफ्लॉनच्या अनुभवाने पोळलेल्या चार्नली यांनी नवा सांधा लगेच बाजारात सोडू दिला नाही. लीड्सची थॅक्रे ही कंपनी तो तयार करीत असे. परंतु रायटिंग्टनला येऊन पद्धत शिकून गेलेल्या शल्यविशारदालाच तो विकायचा, अशी अट त्यांनी कित्येक वर्षे कायम ठेवली. त्यामुळे काहींनी त्यांना मक्तेदार ठरवले. त्यांचा स्वभावही गोड नव्हता. शस्त्रक्रियेत हयगय झालेली त्यांना खपत नसे आणि रागाचा पारा चटकन चढे. वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षापर्यंत ते अविवाहित होते. १९५७ मध्ये जिल हीव्हर यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि पुढे एक मुलगा व एक मुलगी झाली. टेफ्लॉनची ती कठीण वर्षे म्हणजे त्यांच्या संसाराचीही पहिलीच वर्षे होती.

१९७० च्या दशकात सन्मान चालून आले. १९७४ मध्ये अमेरिकेचा लास्कर पुरस्कार, १९७५ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व, १९७७ मध्ये सर ही पदवी. जन्मगाव बेरीने त्यांना नगराचे मानद नागरिकत्व दिले. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये १९६९ पासून त्यांच्या पद्धतीने शस्त्रक्रिया सुरू झाल्या. तेथील पहिल्या दोन हजार खुब्यांचा पंचवीस वर्षांनी हिशेब मांडला गेला, तेव्हा सुमारे ८१ टक्के सांधे बदलावे किंवा काढावे न लागता टिकल्याचे दिसले.

तरीही एका बाबतीत ते अखेरपर्यंत सावध राहिले. हा सांधा वृद्धांसाठी आहे, अशी त्यांची धारणा होती. तरुण माणूस धावणार, ओझी उचलणार, चाळीस-पन्नास वर्षे जगणार; तितका काळ वाटी टिकेल याची हमी त्यांना देता येत नव्हती. पूर्व विदर्भाच्या दृष्टीने हा मुद्दा केवळ ऐतिहासिक नाही. गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा या पट्ट्यात सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशी सूक्ष्म वाहिन्यांत अडकतात, मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटतो, ते डोके मरते आणि ढासळते. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावच्या खेड्यांतील असा रुग्ण सत्तरीचा नसतो. तो विशी-तिशीतला असतो, कधी त्याहूनही लहान. म्हणजे चार्नली ज्याला सांधा देण्यास कचरत होते, नेमका तोच. त्यातच सिकलसेलच्या रुग्णात जंतुसंसर्गाचा आणि रक्ताच्या गुंतागुंतीचा धोका अधिक, हाड कठीण झालेले, मधली पोकळी अरुंद.

अशा रुग्णांपुढे आज चार्नली यांच्या काळापेक्षा पर्याय अधिक आहेत. आजार सुरुवातीच्या अवस्थेत असेल तर हाडाला छिद्र पाडून आतील दाब कमी करण्याची शस्त्रक्रिया करतात. डोके ढासळल्यावर मात्र सांधा बदलणे उरते. तरुणांत बहुधा सिमेंटविना बसणारा सांधा निवडतात. त्याच्या खरखरीत पृष्ठभागात हाड स्वतःच रुजते. वृद्धांत आणि ठिसूळ हाडांत सिमेंटचा सांधा अजूनही भरवशाचा मानला जातो. पडून खुबा मोडलेल्या फार वयस्कर रुग्णात उखळी तशीच ठेवून केवळ डोके बदलतात. त्याला अर्धा सांधा म्हणतात आणि तो स्वस्त पडतो. गोळा धातूचा किंवा सिरॅमिकचा असतो. वाटी प्रामुख्याने पॉलिथीनचीच, मात्र १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून किरणोत्सर्गाने अधिक चिवट केलेल्या पॉलिथीनची. ते फार कमी झिजते, त्यामुळे वाटी पातळ ठेवून गोळा ३२ किंवा ३६ मिलिमीटरचा घेता येतो आणि निखळण्याचे भय घटते. जमिनीवर बसणाऱ्या, उकिडवे बसून शौचाला जाणाऱ्या आपल्या माणसांसाठी ही लहान गोष्ट नव्हे. तरीही शस्त्रक्रियेनंतर खाली बसण्याबाबत डॉक्टरांनी घातलेली बंधने पाळावी लागतात आणि गावाकडे परतलेल्या रुग्णाच्या घरी कमोडची सोय आहे का, हा प्रश्न सांध्याच्या किमतीइतकाच महत्त्वाचा ठरतो.

चार्नली यांच्या एका प्रथेची आठवण येथे करून देणे भाग आहे. आपल्या मृत्यूनंतर शरीरातील कृत्रिम सांधा तपासणीसाठी परत द्यावा, अशी संमती ते रुग्णांकडून आधीच घेत. रुग्ण ती आनंदाने देत. वीस वर्षे माणसाच्या शरीरात वापरली गेलेली वाटी किती झिजली, सिमेंट कोठे तडकले, हे असे सांधे हाती आल्याशिवाय कळत नाही. त्यांच्यानंतर हा विवेक सर्वांनी सांभाळला, असे म्हणता येत नाही. त्यांचा सांधा तयार करणारी थॅक्रे कंपनी १९९० मध्ये अमेरिकेच्या डेप्यू कंपनीने विकत घेतली आणि १९९८ मध्ये डेप्यू ही जॉन्सन अँड जॉन्सनकडे गेली. याच डेप्यूने बाजारात आणलेला धातूवर धातू घासणारा एएसआर नावाचा सांधा ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत बोलवावा लागला. तोपर्यंत सुमारे ९३ हजार रुग्णांना तो बसलेला होता. भारतातील शस्त्रक्रियांची संख्या सुमारे ४,७०० सांगण्यात आली. झिजेतून सुटणारे कोबाल्ट आणि क्रोमियम रक्तात उतरत होते. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ मध्ये या प्रकरणी मुंबईत पोलिसांत तक्रार दाखल केली. केंद्राने २०१७ मध्ये नेमलेल्या तज्ज्ञ समितीने प्रत्येक बाधित रुग्णाला किमान २० लाख रुपये भरपाईची शिफारस केली. पण तोवर कोणत्या रुग्णाला कोणता सांधा बसला याचा शोध घेणेच कठीण होऊन बसले होते. झिजेचा चुरा, शरीराची त्यावरील प्रतिक्रिया, पोखरलेले हाड : १९६२ मध्ये रायटिंग्टनच्या मेजावर जे दिसले होते, त्याचीच ही दुसऱ्या धातूतील आवृत्ती होती.

चार्नली निवृत्तीच्या वयानंतरही थांबले नाहीत. १९७९ मध्ये त्यांनी आपल्या शस्त्रक्रियेवरील ग्रंथ पूर्ण केला, त्यात आपल्या अपयशी रुग्णांचीही क्ष-किरणचित्रे छापली. स्वच्छ हवेबद्दलचा त्यांचा सिद्धान्त मात्र अनेकांना अद्याप मान्य नव्हता; जंतुसंसर्ग घटला तो अन्य सुधारणांमुळे, असे आक्षेपक म्हणत. अखेर ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने आठ हजारांहून अधिक सांधे-शस्त्रक्रियांची तुलनात्मक पाहणी हाती घेतली. अतिस्वच्छ हवेने जंतुसंसर्ग निम्म्यावर येतो, असा तिचा निष्कर्ष जुलै १९८२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर महिन्याभरातच, ५ ऑगस्ट १९८२ रोजी, सत्तरी ओलांडलेल्या चार्नली यांचे मँचेस्टर येथे हृदयविकाराने निधन झाले. त्यांनी शस्त्रक्रिया केलेल्या रुग्णांपैकी अनेकजण त्यांच्यानंतर पुष्कळ वर्षे जगले, आणि त्यांच्या मृत्यूनंतर, दिलेल्या शब्दाप्रमाणे, त्यांचे सांधे रायटिंग्टनला परत येत राहिले.